जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क बसवताना

डिस्क विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून केबल बघा. रुंद, चपटी पट्टी आणि ४० पिनांचा कनेक्टर म्हणजे आयडीई, डिस्क जोडायची जुनी पद्धत. बारीक केबल आणि एल आकाराची खाच म्हणजे साटा, नंतरची पद्धत. आयडीईत बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिस्कवरच्या जागेचा २८ बिटांचाच पत्ता समजणारा असेल, तर १३७ जीबीपुढची जागा त्याला दिसत नाही. सर्व्हिस पॅक नसलेल्या विंडोज एक्सपीचंही तेच. साटावर अडसर वेगळा: जुना बायोस आणि एमबीआर विभागणी (डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत) असेल तर २ टीबीपुढची जागा पडून राहते. म्हणून अशा मशीनला २ टीबीपर्यंतचीच डिस्क घ्या, उगाच जास्त पैसे घालू नका.

आता क्लोनिंग, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणं. त्याआधी जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघाच. 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्याच्या वर गेले असतील तर डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढा, क्लोन नंतर. क्लोनझिला या क्लोनिंगच्या प्रोग्राममध्ये खरा धोका एकच आहे, आणि तो फार महागात पडतो: स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे सिरियल नंबर कागदावर लिहून ठेवा आणि स्क्रीनवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नुसत्या क्षमतेवर विसंबू नका.

बसवताना प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंचीला बारीक एम३. स्क्रू हाताने दोन वेढे सहज फिरला नाही तर तो चुकीचा आहे. जोर लावाल तर आटे जातील. आयडीईच्या एकाच केबलवर दोन डिस्क असतील तर जंपरने (डिस्कच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी) एक मास्टर म्हणजे पहिली, दुसरी स्लेव्ह म्हणजे दुय्यम करा.

क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेली असू द्या. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळतं. बायोसमधला आयडीई किंवा एएचसीआय मोड (साटा डिस्कशी बोलायची पद्धत) होता तसाच ठेवा. बदललात तर विंडोज ७ बहुधा निळ्या स्क्रीनवर अडकेल.

वाढलेली जागा आपोआप मिळत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' निवडा. तो पर्याय फिका दिसत असेल तर बहुधा मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) आडवं आलेलं असतं. ते जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या प्रोग्रामने शेवटाला सरकवा, मग वाढवा. १ टीबीच्या डिस्कवर विंडोजला ९३१ जीबी दिसतात, ते बरोबरच आहे.