पत्रिकेवर स्नेल राउंडहँड वापरताना

लग्नपत्रिकेतल्या इंग्रजी नावांसाठी मी बहुतेकदा स्नेल राउंडहँडच घेतो. मॅथ्यू कार्टर यांनी 1960च्या दशकात केलेला हा फॉन्ट. मूळ वळण चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूचं. अक्षरं उजवीकडे झुकलेली, एकमेकांचा हात धरून चाललेली. निब दाबली की जाड, सोडली की केसासारखी रेघ, तसं.

सगळं नाव कॅपिटलमध्ये टाइप करू नका. प्रत्येक कॅपिटलला स्वतःचा फेटा असतो. सात फेटे एका ओळीत आले की नाव लागतच नाही. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यावरच ठेवा, वाढवलंत की अक्षरांचे सांधे सुटतात. नाव 30 पॉइंटच्या वर. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या सेरिफमध्ये, म्हणजे टोकांना छोट्या रेघा असलेल्या फॉन्टमध्ये.

एकदा मरून रंगाच्या खरखरीत कागदावर सोनेरी फॉइल मारलं. बारीक रेघा उठल्याच नाहीत, नवरीच्या नावातल्या ‘एन’चे नुसते दोन दांडे उरले. तीनशे कार्डं माझ्या खिशातून गेली! आता अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे आकार बनवून, कडेने 0.1 मिमीची रेघ (स्ट्रोक) चढवतो आणि त्याच कागदावर नमुना काढतो.

शेजारची देवनागरी लफ्फेदार नको. बोरूची, म्हणजे तिरक्या कापलेल्या लेखणीची, जाड-बारीक वेगळ्या कोनातून येते, दोघांची जुंपते. एकसारख्या जाडीचा साधा फॉन्ट घ्या, थोडा लहान.