वसाहतकालीन किल्ल्याचं उत्खनन: विद्यार्थी शिबिरात या चुका टाळा

किल्ला म्हटलं की आपल्याला तट, बुरूज, महादरवाजा दिसायला लागतो. ही अपेक्षा घेऊन अमेरिकेतल्या वसाहतकालीन ठाण्यावर गेलात तर पहिली चूक तिथेच होते. मिशिगनमधल्या नाइल्स गावचा फोर्ट सेंट जोसेफ घ्या. फ्रेंचांनी १६९१ मध्ये नदीकाठी वसवलेला हा फोर्ट खरं तर फर व्यापाराचं ठाणं होता. मूठभर सैनिक, व्यापारी, लोहार, पाद्री आणि आसपास पोटावाटोमी, मायामी या स्थानिक आदिवासी लोकांच्या वस्त्या. १७६१ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. १७८१ मध्ये स्पॅनिश तुकडीनं छापा घातला, लूट केली आणि ती दुसऱ्याच दिवशी परतली. पुढे जागाही विसरली गेली, ती १९९८ मध्ये सापडली. वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाची विद्यार्थी शिबिरं तिथे अनेक उन्हाळे भरली.

काळा डाग दिसताच उकरणं

इथली घरं लाकडी. दगड मुख्यतः चुलाण्यांपुरता. खांब कुजून गेलेला असतो, मागे उरतो तो मातीतला गोल काळसर डाग. नवखा विद्यार्थी तो पाहताच खुरपी घालतो आणि पाच मिनिटांत खड्डा मोकळा करतो. पुरावाही त्याच घमेल्यात जातो.

आधी तळ धारदार खुरपीनं सपाट तासा. माती सुकून रंग फिका पडला असेल तर पाण्याचा हलका फवारा मारा. फोटो, मोजमाप, नकाशा झाल्यावर डागाचा अर्धाच भाग काढा आणि उभा छेद बघा. कडा सरळ उतरून तळाशी एकदम संपत असतील तर बहुधा खांब. निमुळता होत फाटे फुटले तर झाडाचं मूळ. आडवा-तिडवा भरकटला तर उंदीर-घुशीचं बीळ. अर्धा डाग शिल्लक असेल तर शंका आल्यावर पुन्हा बघता येतं.

पाण्याशी मारामारी

नदीकाठी थोडं खोदलं की पाणी लागतं. फोर्ट सेंट जोसेफवर जमिनीत नळ्या रोवून पंपानं पाणी सतत उपसावं लागतं. पंप बंद पडला की खोदणं थांबवा, चिखलात हात घालून ‘काय लागतंय’ बघू नका. थराची सीमा डोळ्यांना दिसत नसेल तर तुम्ही फक्त माती हलवताय. खड्ड्याची बाजू ढासळली तर आत उतरू नका. ती सावरल्यावर पडलेली माती वेगळ्या बादलीत भरा, वेगळी चाळा, पिशवीवर ‘ढासळलेली’ लिहा. दोन थरांच्या बादल्या एकत्र झाल्या असतील तर अंदाजानं वाटणी न करता ‘मिश्र’ अशी नोंद करा. लेबलं पेन्सिलनं लिहा, शाई भिजून पसरते. एक पिशवीच्या आत, एक बाहेर.

चाळणीवरचा ‘कचरा’ फेकणं

माती इथे पाण्याच्या झोतानं, सुमारे तीन मिलिमीटर जाळीतून चाळतात. जाळीवर खडे, हाडं आणि नखाएवढे पितळी-तांब्याचे कपटे उरतात. हे कपटे भंगार समजून टाकले जातात, आणि मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते. फुटक्या किटल्या कापून, तुकडे गुंडाळून कपड्यांना लावायचे छोटे छुमछुमते शंकू बनवले जात. कातरलेली कड म्हणजे त्या कारागिरीचा माग. कापडाच्या गठ्ठ्यांना लावलेल्या शिशाच्या मोहरा तर मातीच्या गोळीसारख्या दिसतात. त्या ब्रशनं घासल्या की वरची अक्षरं जातात. बारीक काचमणी जाळीतून निसटतात, म्हणून प्रत्येक थरातली थोडी माती न चाळता वेगळी ठेवा.

एकोणिसाव्या शतकात इथे शेती झाली, त्यामुळे वरचा नांगरट थर कालवलेला आहे. पण तेवढ्यासाठी तो फावड्यानं उडवून द्यायचा नाही. खोली बिघडली तरी वस्तू कुठल्या भागात जास्त पडल्यात हे त्यातून कळतं.

धुण्याची घाई

लोखंड नळाखाली धरू नका. ओलं हाड उन्हात ठेवलंत तर तडकेल, सावलीत हळूहळू वाळवा. लाकूड आणि चामडं ओलंच ठेवून संवर्धकाकडे द्या.

वस्तूवरून माणूस ठरवणं

फ्रेंच मणी म्हणजे फ्रेंच घर, शंकू म्हणजे आदिवासी, ही वाटणी वहीत सहज उतरते. पण इथले कित्येक फ्रेंच व्यापारी स्थानिक स्त्रियांशी लग्न करून राहिले होते. एकाच चुलीभोवती युरोपीय बंदुकीचा सुटा भाग आणि हरणाची हाडं सापडली तर त्यात नवल काय? वहीत वस्तू, थर आणि जागा लिहा. कोणाची, हे सगळ्या खड्ड्यांचे नकाशे एकत्र लावल्यावर बघू.

शेवटच्या दिवशी खड्डा बुजवताना तळाशी प्लास्टिक अंथरायला विसरू नका. पुढच्या तुकडीला तुमचं खोदकाम कुठे थांबलं ते त्यावरूनच कळतं.