मज्जासंस्थेचा अभ्यास करताय? या चुका टाळा

"पार्किन्सनमध्ये काय होतं?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं, "डोपामिन (चेतापेशींचं एक संदेशवाहक रसायन) कमी होतं." "कुठे?" म्हटलं की वर्ग गप्प. हा विषय शिकवताना ही शांतता मी दरवर्षी अनुभवतो. मुलं हुशार असतात, अभ्यासाचा क्रम चुकलेला असतो. आजाराचं नाव, त्याचं प्रथिन, त्यावरचं औषध हे सगळं तोंडपाठ, आणि ऱ्हास नेमका कुठल्या पेशींचा होतो हे राहूनच जातं.

पार्किन्सनमध्ये प्रामुख्याने मरतात त्या मध्यमेंदूतल्या 'सबस्टन्शिया नायग्रा' नावाच्या काळसर पट्ट्यातल्या पेशी. त्यांचे तंतू मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागापर्यंत जाऊन तिथे डोपामिन सोडतात आणि त्यावर हालचालीची सुरुवात आणि वेग अवलंबून असतो. एवढा रस्ता डोळ्यांसमोर असला की हालचाली मंद का होतात हे पाठ करावं लागत नाही. थेट डोपामिन न देता लेव्होडोपा का देतात, तेही उलगडतं: डोपामिनला रक्तातून मेंदूत शिरता येत नाही, लेव्होडोपाला येतं. पण त्याने लक्षणं आटोक्यात येतात, पेशींचं मरणं थांबत नाही. आणि हात थरथरला म्हणजे पार्किन्सनच, असं धरून चालू नका. काही रुग्णांना कंप नसतोच. निदानासाठी मंदपणा मात्र लागतो.

दुसरी चूक पायाभूत धड्यातली. "चेतापेशीतून आवेग (विद्युत संदेश) गेल्यावर सोडियम-पोटॅशियम पंप पेशीला पूर्वस्थितीत आणतो," असं उत्तरपत्रिकांमध्ये हमखास सापडतं. ते चूक आहे. आत शिरलेल्या सोडियममुळे बदललेला पेशीचा विद्युतदाब पुन्हा उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास येतो तो मुख्यतः पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे. पंप मागे सतत चालू असतो, दर फेरीला 3 सोडियम बाहेर आणि 2 पोटॅशियम आत, आणि त्यासाठी ऊर्जा जाळतो. शरीराच्या वजनात जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो, त्यात या पंपाचा वाटा मोठा. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, बिघडले की चेतापेशी इतक्या लवकर का अडचणीत येतात, याचं एक कारण इथेच आहे. धडा पहिला आणि धडा शेवटचा असे जोडून वाचायचे असतात.

एएलएसमध्ये, म्हणजे स्नायूंना हालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात, तर भलेभले अडखळतात. रुग्णाची मांडी बारीक झालेली असते, कातडीखाली स्नायू फडफडताना दिसतो. त्याच गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय जोरात उडतो. विद्यार्थ्याला वाटतं, आपली तपासणीच चुकली. स्नायू झिजलाय तर प्रतिक्षिप्त क्रिया मंदच हवी ना? चुकलेलं काहीच नाही. मज्जारज्जूतून थेट स्नायूकडे जाणाऱ्या खालच्या पेशी मरताहेत, म्हणून झीज आणि फडफड. मेंदूतून उतरणाऱ्या वरच्या पेशीही मरताहेत, म्हणून प्रतिक्षिप्त क्रियेवरचा लगाम सुटलेला. एकाच पायात दोन्ही खुणा सापडणं हाच तर या आजाराचा मोठा पुरावा! कोऱ्या कागदावर मेंदू, मज्जारज्जू आणि स्नायू काढून या दोन पेशी दोन रंगांनी जोडा. मी अजूनही फळ्यावर हेच करतो.

स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर हे एकाच अर्थाने वापरू नका. स्मृतिभ्रंश हा लक्षणांचा समूह आहे, अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. अल्झायमरमध्ये ॲमिलॉइड या प्रथिनाचे थर पेशींच्या बाहेर साचतात, टाऊ या प्रथिनाचे गुंते आत. ही अदलाबदल परीक्षेत फार होते. स्मृती किती ढासळली आहे, याचा मेळ ॲमिलॉइडपेक्षा टाऊच्या पसरण्याशी अधिक बसतो. आणि इथेही विचारा, कुठल्या पेशी? हे गुंते बहुतेकदा हिप्पोकॅम्पसच्या परिसरात लवकर दिसू लागतात, जिथे नव्या आठवणी घडतात. म्हणून अल्झायमरच्या रुग्णाला सकाळी कोण भेटून गेलं ते आठवत नाही, पण लहानपणीच्या घराचं वर्णन तो दारं-खिडक्यांसकट करतो.