हाताने रंगवलेल्या लोकरीचे मोजे आणि स्वेटर : रंगांचा हिशेब आधी, टाके नंतर

हाताने रंगवलेल्या लोकरीच्या लडीत जे रंग एकमेकांत सुरेख मिसळलेले दिसतात, तेच विणून झाल्यावर कधी एका बाजूला चट्टा होऊन साचतात, तर कधी तिरका पट्टा होऊन मोज्याभोवती चढत जातात. यात लोकर वाईट असते असे नाही आणि विणणाऱ्याचा हात कच्चा असतो असेही नाही. लडीवर रंग ज्या क्रमाने आणि जितक्या अंतराने पडलेले असतात, त्याचा विणकामाच्या एका फेरीत लागणाऱ्या धाग्याशी थेट संबंध असतो. हा संबंध टाके घालण्यापूर्वीच तपासून घेतला, तर रंग बऱ्याच अंशी आपल्या मनासारखे बसवता येतात. खाली मोज्याची कृती सविस्तर दिली असून स्वेटरसाठी त्यात काय बदलते ते पुढे सांगितले आहे. सुलट-उलट टाके आणि गोल विणणे येत असल्याचे येथे गृहीत धरले आहे.

लोकर निवडताना

मोज्यांसाठी मिळणाऱ्या लोकरीत साधारणपणे 75 टक्के मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) आणि 25 टक्के नायलॉन असते, आणि 100 ग्रॅमच्या लडीत सुमारे 400 मीटर धागा भरतो. टाच आणि बोटे यांच्या घर्षणाला नुसती मेरिनो फार दिवस दाद देत नाही, म्हणून नायलॉनची जोड आवश्यक असते. एकाच पदराचा मऊ धागा लडीत कितीही मोहक दिसला, तरी तो शालीसाठी किंवा टोपीसाठी ठेवावा. मोज्याला तीन-चार पदरांचा, चांगला पीळ असलेला धागाच हवा.

यातली बरीचशी लोकर ‘सुपरवॉश’ असते. लोकरीच्या तंतूवरील खवल्यांवर प्रक्रिया केलेली असल्यामुळे ती धुतल्यावर आटून घट्ट होत नाही आणि रंगही गडद धरते; मात्र ओली झाली की सैलावते आणि लांबते. मोज्यात हा गुण फारसा जाणवत नाही, स्वेटरमध्ये मात्र तो चांगलाच महागात पडू शकतो.

रंगाची जात पाहून वीण ठरवावी. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा असलेल्या लोकरीवर जाळी, वेण्या, उठावाची नक्षी असे सारे काही खुलते. तीन-चार भिन्न रंगांचे लांब पट्टे असलेल्या किंवा रंगाचे ठिपके शिंपडलेल्या लोकरीवर मात्र नक्षी दिसतच नाही. अशा धाग्यावर वेण्या घालणे म्हणजे कष्ट करून ते झाकून ठेवणे होय. तिथे साधी सुलट वीण घ्यावी, नाहीतर अधूनमधून टाका न विणता उचलण्याची वीण घ्यावी. उचललेला टाका खालच्या फेरीचा रंग वरच्या फेरीत ओढून आणतो आणि रंगांच्या कडा आपोआप मोडतात.

रंग सुटतो का, ते तपासणे

लालभडक, गर्द निळा, काळा, जांभळा अशा रंगांची लोकर विणण्यापूर्वी तपासलीच पाहिजे, विशेषतः ती पांढऱ्या किंवा फिक्या रंगाबरोबर वापरायची असेल तर. धाग्याचे एक वीतभर टोक कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवावे. कापडावर डाग उमटला, तर पूर्ण लडी गार पाण्यात सौम्य साबण घालून धुवावी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावी. बहुतेक वेळा हा वर राहिलेला जादा रंग असतो आणि तो दोन-तीन पाण्यांत निघून जातो.

पाणी स्वच्छ येतच नसेल, तर रंग पक्का बसलेला नाही असे समजावे. लोकरीसाठी वापरले जाणारे ॲसिड रंग पक्के होण्यासाठी आम्ल आणि उष्णता दोन्ही लागतात. नुसते गार पाण्यात व्हिनेगर घालून काही साधत नाही. मोठ्या पातेल्यात लडी बुडेल इतके पाणी घेऊन त्यात थोडे सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर घालावे, लडी सोडावी आणि पाणी हळूहळू उकळीच्या अलीकडे, म्हणजे सुमारे 85 अंश सेल्सियसपर्यंत तापवून अर्धा तास तसेच ठेवावे. नंतर आच बंद करून लडी त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्यावी. लोकर सुपरवॉश नसेल, तर या सगळ्यात ती ढवळू नये आणि गरम लडीवर एकदम गार पाणी ओतू नये, नाहीतर तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत अडकून ती आटते. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

वनस्पतिजन्य आणि इतर नैसर्गिक रंगांना हा उपाय करू नये. कोचिनील या किड्यापासून मिळणारा गुलाबी-किरमिजी रंग आम्लात केशरीकडे झुकतो. निळीने (इंडिगोने) रंगवलेल्या लोकरीचे प्रकरण आणखी वेगळे आहे. निळीचे कण तंतूच्या पृष्ठभागाजवळच बसलेले असल्याने विणताना बोटे निळी होतात, पण म्हणून मोजे पाण्यात फिके पडतीलच असे नाही. अशा वेळी लाकडी सुया बाजूला ठेवून धातूच्या घ्याव्यात, कारण लाकडाला लागलेला निळा डाग पुढच्या पांढऱ्या कामावर उतरू शकतो.

लडीचा घेर आणि फेरीची लांबी

लडीचा गुंडा करण्याआधी एक काम न विसरता करावे. लडीचा पीळ उलगडून ती दोन्ही हातांवर सैल ताणून धरावी आणि तिचा पूर्ण घेर मोजपट्टीने मोजून लिहून ठेवावा. रंगवणारी व्यक्ती पूर्ण लडीवर रंग घालते, त्यामुळे धाग्यावर रंगांचा क्रम साधारणपणे दर एका घेराने पुन्हा सुरू होतो. गुंडा झाल्यावर हे माप हाती लागणे कठीण असते.

त्यानंतर लडी खुर्चीच्या पाठीवर, कुणाच्या तरी हातांवर किंवा स्विफ्टवर, म्हणजे लडी धरून फिरणाऱ्या चौकटीवर, अडकवावी, सगळे बांधलेले धागे कापावेत आणि सैल हाताने गुंडा करावा. घट्ट गुंडाळलेला धागा ताणलेला राहतो, आणि ताणलेल्या धाग्याने विणलेला नमुना धुतल्यावर आक्रसतो.

आता 2.25 किंवा 2.5 मिलिमीटरच्या सुईवर छोटा नमुना विणावा. तो गोलच विणावा, कारण सपाट विणताना बहुतेकांच्या उलट ओळीला हात सैल पडतो. नमुना धुऊन, वाळवून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. मोज्याला 30 ते 32 टाके चांगले. त्याहून विरळ विणलेला मोजा लवकर फाटतो. मग त्याच नमुन्यात 20 टाक्यांच्या दोन्ही टोकांना धाग्यावर खूण करावी, ते उसवावेत आणि खुणांमधला धागा हलकेच सरळ करून मोजावा.

समजा, 20 टाक्यांना 19 सेंटिमीटर धागा लागला. म्हणजे 64 टाक्यांच्या फेरीला सुमारे 61 सेंटिमीटर लागेल. लडीचा घेर 152 सेंटिमीटर असेल, तर रंगांचा क्रम अडीच फेऱ्यांनी पुन्हा येईल. एकावर एक रंग न पडता ते विखुरतील आणि मोजा लडीसारखाच मिसळलेला दिसेल. पण घेर 182 सेंटिमीटर असेल, तर क्रम जवळजवळ नेमका तीन फेऱ्यांनी परततो, तोच रंग त्याच जागेवर पुन्हा पुन्हा बसतो आणि चट्टे तयार होतात. हातचा ताण जरासा बदलला की हेच चट्टे एक-दोन टाके सरकत जाऊन तिरके पट्टे होतात. म्हणून भागाकार पूर्ण संख्येच्या जितका जवळ, तितके चट्टे ठळक, आणि अर्ध्याच्या जितका जवळ, तितके रंग विखुरलेले, हे लक्षात ठेवावे.

चट्टे नको असतील, तर टाके 64 ऐवजी 60 किंवा 68 घ्यावेत. दोनाच्या फरकाने फारसे काही साधत नाही. पायाला टाके बदलणे सोसत नसेल, तर सुई पाव मिलिमीटरने बदलावी, म्हणजे प्रत्येक टाक्याला लागणारा धागा बदलतो. काहींना तिरके पट्टेच आवडतात, आणि ते ठरवून आणले असतील तर छानही दिसतात.

मोजा विणणे

पंजाचा सर्वांत रुंद घेर मोजून त्यातून एक दशांश वजा करावा, कारण मोजा पायावर ताणून बसला पाहिजे. 22 सेंटिमीटरच्या पायाला 20 सेंटिमीटरचा मोजा लागतो, आणि 10 सेंटिमीटरमध्ये 32 टाके बसत असतील तर 64 टाके येतात. पुढील कृती याच मापाची आहे.

वजनकाट्यावर लोकरीचे दोन समान भाग करावेत, म्हणजे दुसऱ्या मोज्याला धागा कमी पडत नाही. जोडी सारखी हवी असेल, तर दोन्ही मोज्यांचे टाके रंगक्रमात एकाच ठिकाणाहून घालावेत. सैल हाताने 64 टाके घालून फेरी जोडावी, दोन सुलट-दोन उलट अशी 4 सेंटिमीटर पट्टी विणावी आणि पुढे सुलट विणत एकूण उंची 15 सेंटिमीटर करावी.

टाचेची पट्टी निम्म्या, म्हणजे 32 टाक्यांवर सपाट विणायची असते; उरलेले 32 पायाच्या वरच्या भागाचे टाके तसेच थांबवावेत. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलावा. सुलट बाजूला एक टाका उचलून एक विणावा आणि उलट बाजूची ओळ पूर्ण उलट विणावी. अशा 32 ओळी झाल्या की दोन्ही कडांना 16-16 मोठे फासे दिसतात. मग टाच वळवावी. उलट बाजूने एक टाका उचलून 16 उलट विणावेत, दोन एकत्र उलट, एक उलट, आणि काम फिरवावे. सुलट बाजूने एक उचलून तीन सुलट, पुढे एक उचलून त्यानंतरचा विणावा व उचललेला त्यावरून ओढावा, मग एक सुलट विणून फिरवावे. यापुढे प्रत्येक ओळीत एक टाका उचलून, मागच्या ओळीत काम फिरवले तिथे दिसणाऱ्या फटीच्या एक टाका अलीकडेपर्यंत विणावे, फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र घ्यावेत, पुढचा एक विणावा आणि फिरवावे. सगळे टाके संपले की 18 उरतात.

आता टाचेच्या पट्टीच्या दोन्ही कडांच्या फाशांतून 16-16 नवे टाके विणून घ्यावेत. पायाच्या वरचे 32 धरून एकूण 82 होतात. एक फेरी साधी आणि एका फेरीत दोन्ही कळ्यांना (टाचेच्या दोन्ही बाजूंच्या तिकोनी भागांना) एकेक टाका कमी, असे 9 वेळा केल्यावर पुन्हा 64 टाके येतात. कळ्यांच्या भागात फेरी लांब असल्याने रंगांची मांडणी येथे हमखास बदलते, आणि टाचेच्या पट्टीत ओळ निम्मी झाल्याने रंग पुंजक्यांनी येतात. हे खटकत असेल, तर टाच आणि बोटे दुसऱ्या एकरंगी धाग्याने विणावीत. दुसरा मार्ग मागाहून टाच घालण्याचा आहे: टाचेच्या जागी 32 टाके टाकाऊ धाग्याने विणून, तेच टाके पुन्हा मूळ धाग्याने विणून मोजा सरळ पुढे न्यायचा, आणि शेवटी तो टाकाऊ धागा काढून मोकळ्या झालेल्या टाक्यांवर टाच विणायची. यात पायाच्या वरचे रंग अखंड राहतात, पण ज्यांच्या पायाची कमान उंच आहे त्यांना ही टाच आखूड पडते.

पावलाच्या लांबीला 5 सेंटिमीटर कमी असताना बोटांचा भाग सुरू करावा. दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार टाके एका आड एक फेरीत कमी करत 32 पर्यंत यावे, मग प्रत्येक फेरीत कमी करून 16 ठेवावेत आणि दोन्ही सुयांवरचे आठ-आठ टाके शिवणसुईने विणीसारखेच जोडून टाकावेत.

स्वेटरसाठी

मोज्यांच्या जाडीच्या लोकरीत मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण 1200 ते 1600 मीटर, म्हणजे तीन-चार लड्या लागतात. एक लडी जास्तच घ्यावी, कारण एकदा संपलेला घाणा (एकाच वेळी रंगवलेल्या लड्या) तसाच पुन्हा निघत नाही. एकाच घाण्यातल्या लड्याही सारख्या नसतात. त्या दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी मांडून त्यांचा कृष्णधवल फोटो काढावा. डोळ्यांना न जाणवलेला गडद-फिका फरक त्यात लगेच दिसतो. सर्वांत वेगळी लडी गळा, मनगट आणि खालची पट्टी यांसाठी बाजूला काढावी.

उरलेल्या लड्या जोडीने वापराव्यात. सपाट विणताना दर दोन ओळींनी धागा बदलून न लागणारा धागा कडेने सैल वर न्यावा. गोल विणताना एक फेरी एका गुंड्याची आणि एक दुसऱ्याची घ्यावी. पहिली लडी संपत आल्यावर अदलाबदल सुरू केली, तर तिथे आडवी रेघ दिसते. ती टाळायची असेल, तर पहिल्या ओळीपासूनच दोन गुंडे हवेत.

मोज्याचा भागाकार इथेही लागू होतो, पण फेरी सतत बदलत असते. बाह्यांचा घेर लहान, अंगाचा मोठा, आणि काखेपाशी पुढचा व मागचा भाग वेगळा झाला की ओळ निम्मी होते. तिथे छातीवर अचानक चट्टा उमटतो. लहान मुलांच्या स्वेटरमध्ये एका फेरीला लागणारा धागा कधी कधी लडीच्या घेराएवढाच होतो, आणि मग एक रंग उभा खांब होऊन वर चढतो. दोन गुंड्यांची अदलाबदल या दोन्हींवर बऱ्यापैकी उतारा ठरते. अगदीच भडक लोकर असेल, तर ती गळ्याभोवतीच्या भागापुरती ठेवून बाकीचा स्वेटर एकरंगी विणणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

सुपरवॉश लोकरीचा नमुना येथे तळहाताएवढा चालत नाही. किमान 15 सेंटिमीटरचा चौकोन विणून धुवावा, वाळल्यावर खालच्या कडेला चिमटे लावून रात्रभर टांगावा आणि मग मोजावा. तो जितका लांबेल, त्या प्रमाणात स्वेटरची उंची कमी धरावी.

धुताना मोजे आणि स्वेटर दोन्ही गार पाण्यात, सौम्य साबणात, न चोळता धुवावेत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावेत आणि सावलीत सपाट पसरून वाळवावेत. ओला स्वेटर दोरीवर टाकला की बाह्या गुडघ्याला लागतात. मोज्यांतून उरलेला पाच-दहा ग्रॅम धागा टाच रफू करण्यासाठी जपून ठेवावा, आणि तोही मोज्यांबरोबर एक-दोनदा धुऊन घ्यावा, म्हणजे रफू वेगळ्या रंगाचे दिसत नाही.