मोबाईलने फोटो काढताना या चुका टाळा, नवीन फोनचं नंतर बघू

"माझ्या फोनचा कॅमेराच बेकार आहे" हे ऐकून ऐकून कान किटलेत. बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो, लेन्सवर बोटांचं तेल असतं. फोन खिशातून काढताना बोट बरोब्बर तिथेच जातं, मग रात्रीच्या दिव्यांना लांब रेघा फुटतात, भर दुपारचा फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो आणि माणूस सेटिंगमध्ये शिरून काय काय बदलत बसतो. मी फोन वर धरायच्या आधी टी-शर्टच्या टोकाने लेन्स पुसतो. चष्म्याचं कापड असेल तर उत्तमच, पण ते वेळेवर कधी सापडत नाही.

आता झूम. यावर मी जरा जास्त बोलणारे.

आतेभावाच्या मुलीचा स्टेजवर डान्स होता. हा शेवटून दुसऱ्या रांगेत, पुढे जाऊन उभं राहायचा कंटाळा, त्यामुळे दोन बोटांनी झूम ताणला थेट दहावर. त्याच्या फोनला टेलिफोटो लेन्स (लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स) नाही, म्हणजे फोन काय करतो, तर मेन कॅमेऱ्याच्या चित्रातला मधला तुकडा कापतो आणि फुगवून दाखवतो. त्यात हॉलमध्ये अंधार आणि पोरीवर फोकस लाईट. फोन पूर्ण फ्रेमचा अंदाज घेतो, काळं जास्त दिसलं की सगळंच उजळ करतो, आणि चेहरा होतो पांढराफट्ट. मी शेजारून म्हटलं, अरे तिच्या चेहऱ्यावर टॅप कर आणि तो सूर्याचा आयकॉन खाली ओढ. तर म्हणे, "थांब रे, नंतर एडिट करू." वर फ्लॅश चालू! तो जेमतेम दोन-तीन मीटर पोचतो, त्यामुळे पुढच्या काकांचं टक्कल तेवढं छान उजळून निघालं.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर ढीगभर फोटो आणि खाली मेसेज, "चेहरा जरा नीट करून दे ना". कुठून देऊ? जो भाग पूर्ण पांढरा झाला त्यात माहितीच उरलेली नसते. अंधारात राहिलेलं थोडंफार वर काढता येतं, जळलेलं नाही, म्हणून मी फोटो कायम किंचित डार्कच ठेवतो. स्टेजचे फोटो पाहिजेत तर आधीच उठून बाजूने पुढे जाऊन उभे राहा, झूम कमीत कमी, चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर (फोटोतला उजेड) लॉक होतं, मग उजेड खाली ओढा. आणि नाचणारा माणूस जिथे पोझ धरून क्षणभर थांबतो ना, तिथे क्लिक करा, हात-पाय हवेत असताना कमी उजेडात ब्लरच येणार. टेलिफोटो लेन्स असलेल्यांनी 3x किंवा 5x जे काय बटण दिलंय ते खुशाल वापरा, तो खरा झूम.

नाईट मोडवाले तर वेगळंच प्रकरण. क्लिक केलं की लगेच फोन खाली! अहो, तो अजून फ्रेम घेतोय, एकावर एक रचून त्यातून फोटो बनवणारे, दोन-तीन सेकंद तरी दम धरा. मी कोपर पोटाला टेकवतो, भिंत असली तर खांदा भिंतीला. लहान मुलं पळत असतील तर नाईट मोड बंद करा आणि मुलांना दिव्याजवळ न्या, दुसरा उपाय नाही.

खिडकीकडे पाठ करून माणूस उभा करू नका. त्याला वळवा, खिडकीचा उजेड तोंडावर येऊ द्या, अर्धं काम तिथेच होतं.

ग्रुप फोटोला 0.5x लावलं की कडेच्या लोकांची डोकी ताणली जातात. चार पावलं मागे जा, 1x वर काढा.

200 मेगापिक्सेलचा मोड लावून संध्याकाळी घरात फोटो काढणारे पण आहेत. या फोनचे सेन्सर (उजेड टिपणारी चिप) एरवी शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र करतात ते कमी उजेडात फोटो बरा यावा म्हणूनच, 50 मेगापिक्सेलच्या फोनमधून साधारण साडेबाराचा फोटो निघतो तो त्यामुळे. फुल मोड उन्हात वापरा.

पोर्ट्रेट मोडमध्ये केस आणि चष्म्याच्या कडा झूम करून तपासा, तिथे फोन हमखास गंडतो. ब्यूटी फिल्टरबद्दल मी बोलणार नाही, घरात भांडणं होतात.

आणि एवढं करून चांगला आलेला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलात तर तो आकसून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कृपा करून गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, वर बॅटरी 9 टक्के दिसत असते.