घरच्या लिनक्स नेटवर्कवर या चुका टाळा

सोलापुरात ऐन उन्हाळ्यात वीज जाऊन आली, की मला ठरलेला फोन येतो: "नेट चालेना झालंय, काल तर चालत होतं की!" काल चालत होतं, कारण सेटिंग मेमरीत होतं. फाइलीत कुणी लिहिलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता जिच्यात असतो ती फाइल) हाताने बदलणं. उबुंटूवर ती मुळात साधी फाइल नसते, सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नावं शोधणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीकडे नेणारी लिंक असते. आत १२७.०.०.५३ (त्याच मशीनचा पत्ता) दिसतं, ते बरोबरच असतं. तिथे ८.८.८.८ (गूगलच्या डीएनएसचा पत्ता) लिहिलंत तर ते टिकत नाही.

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाच्याने यावर तोडगा काढला. लिंक काढून ८.८.८.८ लिहिलेली साधी फाइल ठेवली आणि चॅट्र कमांडने तिला कुलूप घातलं. पुढे काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे डीएनएसमास्क (घरातला छोटा डीएनएस सर्व्हर) बसवलं. दाजींचं चादरींचं दुकान खालीच आहे, तिथला बिलाचा प्रिंटर नावाने सापडावा म्हणून. सगळ्यांना सापडला, भाच्याच्या लॅपटॉपला मात्र नाही. आकड्याने पिंग जायचं, नावाने नाही. म्हणजे रस्ता ठीक, डीएनएस बिघडलेलं. दोन तास मी डीएनएसमास्कच तपासत बसलो. शेवटी ती फाइल पुसायला गेलो, तर रूट या सर्वाधिकारी खात्यालासुद्धा 'ऑपरेशन नॉट परमिटेड'! एलएसॲट्र कमांडने दाखवलं, फाइलीवर 'आय' (बदलबंदीची खूण) लागलेला. "मामा, व्हिडिओत असंच सांगितलं होतं ओ," भाचा म्हणाला. असले व्हिडिओ बनवणारे तुमच्या घरी दुरुस्तीला येत नाहीत. मी कुलूप काढलं, लिंक परत जोडली आणि डीएनएसचा पत्ता नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या कनेक्शनवरच दिला. जो प्रोग्राम ती फाइल लिहितो, त्यालाच सांगायचं. मी दुसरीकडे कुठे हात लावत नाही.

जुन्या डेस्कटॉपचा राउटर करताना आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचा डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) नुसतं कमांडने सुरू करू नका, रीबूट झालं की ते जातं. सिसकंट्रोल डॉट डी या सिस्टम सेटिंगच्या फोल्डरमध्ये फाइल करून लिहा. फायरवॉलचे मास्करेडचे (आतल्या मशीनना राउटरच्याच पत्त्याने बाहेर नेणारे) नियमही असेच जपून ठेवावे लागतात. काम झालं की मी मशीन रीबूट करतो, नेट आलेलं बघतो आणि मगच चहा घेतो. पाच मिनिटं थांबायची तयारी नसेल, तर राउटर बनवायच्या भानगडीत पडू नये.

घरच्या डीएनएसच्या जोडीला 'असू द्या' म्हणून ८.८.८.८ देऊ नका. दुसरा पत्ता राखीव राहीलच असं नाही. मशीन तिकडे वळलं की प्रिंटरचं नाव मधूनच हरवतं.

घरातल्या नावांना डॉट लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीनं एकमेकांची नावं शोधतात, त्या पद्धतीसाठी) राखीव आहे. २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठी होम डॉट आर्पा आहे, ते वापरा.

नेट देणाऱ्या कंपनीचा राउटर आणि तुमचा, दोघांचं नेटवर्क १९२.१६८.१ ठेवू नका. मी आतलं १९२.१६८.५० करतो.

आणि एका नेटवर्कवर डीएचसीपीने मशीनना पत्ते वाटणारा एकच असावा.