आधी डमी, मग कविता: मुलांच्या कवितांची सचित्र पुस्तिका कशी काढावी

शाळेचं हस्तलिखित स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात दोन दिवस टेबलावर असतं आणि नंतर मुख्याध्यापकांच्या कपाटात जातं. प्रत एकच, त्यामुळे ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरी ती कधी पोचत नाही. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. आज तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान असतं, लग्नपत्रिका छापणारा असतो, आणि तेवढ्या भांडवलावर शंभर-दीडशे प्रतींची देखणी पुस्तिका निघू शकते. साठच्या दशकात मुंबईतल्या तरुण कवींनी सायक्लोस्टाइलवर (स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर) लघु-अनियतकालिकं काढली, तेव्हा त्यांच्या हाताशी याहून कमी साधनं होती.

खालची कृती एका वर्गाच्या कवितांसाठी लिहिली आहे. मित्रमंडळाच्या किंवा स्वतःच्या कवितांनाही ती चालते. फक्त पालकांच्या सह्या वगळा.

डमी

बहुतेक जण आधी कविता गोळा करतात आणि मग किती पानं होतात ते बघतात. उलट करा. ए-फोरचे सहा कोरे कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा. ए-फाइव्ह आकाराची चोवीस पानं तयार झाली (पान म्हणजे कागदाची एक बाजू). हीच डमी, म्हणजे पुस्तिकेचा कोरा नमुना. त्यांवर पेन्सिलीने १ ते २४ आकडे घाला. कव्हर वेगळं.

आता वाटणी करा. १ वर नाव, २ वर श्रेय, ३ वर अनुक्रम, २४ वर लिहिणाऱ्या मुलांविषयी चार ओळी. उरली वीस. त्यांतली १२ आणि १३ ही मधली जोडी एकाच कागदाच्या एकाच बाजूला येते, म्हणून दोन पानांवर पसरणारं मोठं चित्र इथेच टाकावं. बाकी कुठेही टाकलं तर छापताना दोन तुकडे एकमेकांना जुळतीलच असं नाही. अजून पाच पानं पूर्ण चित्रांना दिली की कवितांना उरली तेरा. तेरा हा आकडा आता फळ्यावर लिहा. त्यावर वाद होणार, होऊ द्या.

मधे पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात: १६, २०, २४, ३२. अठ्ठेचाळीसच्या पुढे गेलात की पुस्तिका मिटून राहत नाही, उघडीच फुगते.

डमी सुटी करून पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. सगळ्यात बाहेरच्या कागदावर २४ शेजारी १ आहे, त्याच्या पाठीमागे २ शेजारी २३. शेजारच्या आकड्यांची बेरीज नेहमी २५ येते. सोळा पानी असेल तर १७. छापखान्यातून पहिला नमुना आला की ही बेरीज आधी करा, पानांची उलटापालट तिथेच पकडली जाते.

निवड आणि दुरुस्ती

चाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून चाळीस कविता कोंबल्या जातात आणि टाइप मुंगीएवढा होतो. असं करू नका. चांगल्या कविता जास्त निघाल्या तर दुसरी पुस्तिका काढा, किंवा ज्यांच्या कविता नाहीत त्यांना चित्रं, टायपिंग, प्रूफ, शिलाई ही कामं द्या आणि श्रेयपानावर त्यांची नावं छापा. ही समजूत घालण्याची तडजोड वाटेल, पण पुस्तिका खरोखरच एवढ्या हातांनी होते.

कविता मागवताना विषय देऊ नये असं माझं मत आहे. ‘पाऊस’ दिला की पाठ्यपुस्तकातला पाऊस येतो. ‘आमच्या घराच्या मागे काय आहे’ असं विचारलं तर निदान उकिरडा तरी खरा येतो. मुलं कधीकधी मोबाइलवर सापडलेली कविताही आपली म्हणून देतात. प्रत्येक कवितेची पहिली ओळ इंटरनेटवर शोधून बघा. सापडली तर चारचौघांत बोलू नका, बाजूला घेऊन दुसरी मागा.

दुरुस्ती कुठे थांबवायची, हा संपादकाच्या कसोटीचा भाग. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. शब्द बदलू नका. वऱ्हाडी मुलाने ‘पाऊस येऊन राहिला’ लिहिलं असेल तर ते तसंच छापा. मालवणी ‘खंय’ आणि अहिराणी ‘मनी माय’ यांनाही तोच न्याय. एखादी ओळ काढावीशी वाटली तर मुलाला विचारून काढा. शेवटचं प्रूफ प्रत्येकाला दाखवून त्यावर त्याची सही घ्या. आठवीतलं पोर आपल्या कवितेच्या प्रुफावर सही करतं तेव्हा स्वल्पविरामसुद्धा नीट बघतं.

याच टप्प्यावर परवानगीचा कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवितेचा पहिला मालक ती लिहिणारा, मग तो दहा वर्षांचा का असेना. सही मात्र पालकांची घ्या. संपूर्ण हक्क मागायची गरज नाही, ‘या पुस्तिकेत आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांत छापायला परवानगी’ एवढं पुरतं. मुदत स्पष्ट लिहा, कारण लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. चित्रांसाठीही हाच कागद. पुस्तिकेत मुलाचं नाव आणि इयत्ता असावी. पत्ता, फोन, फोटो नको.

चित्रं

कवीने स्वतःच्या कवितेचं चित्र काढू नये. कविता दुसऱ्या मुलाच्या हातात द्या, त्याला दोनदा वाचू द्या आणि जे कवितेत लिहिलेलं नाही ते काढायला सांगा. आईच्या भाकरीवरची कविता असेल तर चूल आणि तवा सगळेच काढतात. शाळेला उशीर झालेल्याची उंबऱ्यावर पडलेली चप्पल काढली तर कविता आणि चित्र दोन्ही वाढतात. कोपऱ्यात फुलं-पानं काढून जागा भरण्यापेक्षा पान मोकळं ठेवलेलं बरं.

एका रंगात छापायचं तर काळी शाई, मार्कर, लिनोकट (लिनोलियम कोरून केलेला ठसा) किंवा बटाट्याचे ठसे घ्या. पेन्सिलीच्या छटा झेरॉक्सवर पुसट आणि मळकट येतात. चित्र छापायच्या आकाराचं किंवा त्याच्या दीडपट काढून घ्या. भिंतीवरचा तक्ता लहान केला की रेषा नाहीशा होतात. मोबाइलने फोटो काढू नका, सावली येते. स्कॅनरवर रेषाचित्र ६०० डीपीआयला (एका इंचात तेवढे ठिपके), रंगीत चित्र ३०० ला स्कॅन करा. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर कडेबाहेर ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवावं लागतं आणि मोठ्या कागदावर छापून कापावं लागतं. पहिल्या खेपेला चित्र समासाच्या आतच ठेवा.

अक्षर आणि मांडणी

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर कचरा होऊन उघडते. फुकट आणि छापायला मोकळे फॉन्ट आहेत: मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ सरळ आणि स्वच्छ आहे, ‘टिरो देवनागरी मराठी’ जुन्या पुस्तकांच्या वळणाचा, आणि त्यात मराठी वळणाचे ल, श आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल येतो, कवितेच्या पानावर तो चटकन खुपतो.

टाइप केवढा ठेवायचा ते सगळ्या कवितांतली सर्वांत लांब ओळ ठरवते. ती ओळ न मोडता बसेल असा आकार निवडा, साधारण १२ किंवा १३ पॉइंट, आणि ओळींमधलं अंतर १८ च्या आसपास. सगळ्या कवितांना एकच आकार. तरीही ओळ मोडलीच तर मोडलेला भाग आत सरकवून घ्या, म्हणजे तो नवी ओळ वाटणार नाही. कविता डावीकडून लावा. मधोमध लावलेली कविता आमंत्रणपत्रिकेसारखी दिसते आणि कवीने तोडलेल्या ओळींचा घाट त्यात हरवतो. बाहेरचा समास किमान १५ मिलिमीटर सोडा: पिन मारल्यावर आतले कागद बाहेर डोकावतात, कटिंगमध्ये तेवढे कापले जातात.

सॉफ्टवेअर म्हणून लिबरऑफिस रायटर पुरे. पानं सरळ क्रमाने लावा, छापताना ब्रोशर हा पर्याय निवडला की २५ च्या बेरजेची जुळवणी तो करतो. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

प्रूफ कागदावर वाचा. एकाने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, दुसऱ्याने मूळ वहीत बघायचं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या आणि ‘सूर्या’तला र्या, ‘ऱ्हास’, ‘ॲ’, आणि मात्रा सुटून पडलेली ठिपक्यांची वर्तुळं या जागा खास तपासा.

कागद, छपाई, शिलाई

दीडशे प्रतींना ऑफसेटच्या प्लेटचा खर्च सहसा परवडत नाही. डिजिटल किंवा चांगलं झेरॉक्स घ्या. प्रती पाचशेच्या पुढे जाणार असतील तर ऑफसेटचा भाव विचारा. दुकानदाराला ‘छान पुस्तिका हवी’ असं सांगितलं तर तो चकचकीत आर्ट पेपर सुचवतो. त्याऐवजी हे लिहून न्या: ‘ए-फाइव्ह, आत २४ पानं, ८० जीएसएम नॅचरल शेड मॅपलिथो, दोन्ही बाजूंनी काळा, कव्हर २५० जीएसएम, बाहेरून एक रंग, क्रीजिंग, सेंटर पिन, तीन बाजू कटिंग, १५० प्रती.’ (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, मॅपलिथो हा न चकाकणारा साधा छपाईचा कागद, क्रीजिंग म्हणजे घडीसाठी आधी पाडलेली खाच.) हीच चिठ्ठी दोन-तीन ठिकाणी दाखवली तरच भावांची तुलना होते. सगळ्या प्रती छापण्याआधी एक पूर्ण प्रत बांधून मागा.

कव्हरसाठी माझा आवडता उपाय म्हणजे लग्नपत्रिका करणारा स्क्रीन प्रिंटर. रंगीत कार्डवर एक-दोन रंगांत तो जे छापतो त्याला डिजिटलची सर येत नाही. शाईचा थर बोटाला लागतो. चातुर्मासात त्याच्याकडे काम कमी असतं, तेव्हा जा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही कव्हरला सुंदर दिसतो. जाड कागद दुमडताना कण्यावर तडे गेले तर कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, आडवा आहे. कणा धाग्याला समांतर हवा. छोटा तुकडा दोन्ही दिशांनी दुमडून आधीच बघा.

ऑफिसचा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. लांब दांड्याचा मिळाला तर ठीक, नाहीतर दोऱ्याने शिवा, तेच जास्त टिकतं आणि मुलांना आवडतं. पुस्तिका मधोमध उघडा. घडीवर तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन वरच्या-खालच्या कडेपासून चार-चार सेंटिमीटरवर. दाभणात गोधडीचा जाड दोरा, पुस्तिकेच्या उंचीच्या अडीचपट, मेणबत्तीवर ओढून घेतलेला. आतून मधल्या भोकातून बाहेर या, शेपूट आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकात आत. आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून परत मधल्या भोकात आत. आता दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली असतील. ती टाक्यावरून घट्ट गाठ मारून एक सेंटिमीटर ठेवून कापा. चौथी प्रत होईपर्यंत हात बसतो. शिवलेल्या प्रती बाइंडरकडे नेऊन कडा कापून घेतल्या तर उत्तम.

श्रेयपान आणि सरकारी कामं

दुसऱ्या पानावर प्रकाशक, मुद्रक, त्यांची गावं, वर्ष, ‘कविता आणि चित्रं: हक्क ज्याचे त्याच्याकडे’, आणि फॉन्टचं नाव. वर्गापुरती पुस्तिका असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागत नाही. दुकानात किंवा ऑनलाइन विकायची असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करा. क्रमांक मोफत मिळतो. वेळ जातो, म्हणून कव्हर छापायच्या बरंच आधी करा, आणि क्रमांक विकणाऱ्या दलालांना पैसे देऊ नका.

१९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याने प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. लहान पुस्तिकाही या कायद्यात येतात. बहुतेक छोटे प्रकाशक हे करत नाहीत, आणि मग वीस वर्षांनी ती पुस्तिका कुठेच सापडत नाही.

किंमत आणि वाटप

तेरा कवी आणि सहा-सात चित्रकार, प्रत्येकाला दोन प्रती: चाळीस गेल्या. ग्रंथालयांच्या चार, शाळेच्या आणि गावच्या वाचनालयाच्या पाच-सहा. म्हणजे दीडशेतल्या शंभरच विकायला उरतात, तेव्हा एकूण बिलाला शंभरने भागून किंमत ठरवा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. आधी नावं नोंदवून पैसे घेतले तर छापखान्याचा आगाऊ भाग त्यातून निघतो.

मागच्या कव्हरवर किराणा दुकानाची जाहिरात घेऊन खर्च काढायचा मोह होईल. पानाच्या शोभेचं सोडा, टपालातही ती महागात पडते. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत पुस्तकं ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून जातात, कर वेगळा. पण त्यात व्यापारी जाहिराती चालत नाहीत आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. ८० जीएसएमचा ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅमचा. सहा कागदांचे ३०, कव्हरचे साधारण १५, म्हणजे एक प्रत ४५ ग्रॅम. पाकिटासकट एका वीस रुपयांत पाच प्रती बसतात, म्हणून मुंबईच्या मामाला आणि नाशिकच्या आत्याला एकेक पाठवण्यापेक्षा एका गावच्या प्रती एकाच पत्त्यावर पाठवा. सेवा जमिनीवरून जाते, लवकर पोचायची अपेक्षा ठेवू नका.